विरीला तुमच्या प्रयोगशाळेत काय म्हणतात?

उस्मानिया विद्यापीठाच्या कुलगुरूंना हिमायतनगरहून खुले पत्र

मा. कुलगुरू महोदय,


मी हिमायतनगरला राहते. आझमाबादच्या औद्योगिक वसाहतीत माझं ज्वारीच्या पिठाचं छोटं युनिट आहे. एक गिरणी, दोन चाळण्या, पाकिटं सील करायचं एक यंत्र आणि माझ्यासकट सात माणसं. तिथून विद्यानगरच्या बाजूने रिक्षा धरली तर तुमचं फाटक अगदी जवळ. तरी गेल्या अकरा वर्षांत मी कामासाठी त्या फाटकातून एकदाही आत आले नाही. का आले नाही आणि आता का यावंसं वाटतंय, हे सांगायला हे पत्र लिहिते आहे. मराठीत लिहिते आहे, कारण माझ्या धंद्यातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द मराठीत आहे आणि त्याला इतर भाषांत काय म्हणतात ते मला ठाऊक नाही. तुमच्याकडे मराठी विभाग आहे, तेव्हा पत्र वाचून दाखवणारं कुणी ना कुणी भेटेलच.

तो शब्द म्हणजे विरी.

ज्वारी दळून आणली की सुरुवातीचे काही दिवस पीठ ऐकतं. आधणाचं पाणी घालून मळलं की एकजीव होतं, गोळा तळव्याखाली फिरतो, कड अखंड राहते, भाकरी हवी तेवढी मोठी थापता येते. मग एक दिवस असा उगवतो की पीठ तेच, पाणी तेच, हातही तेच, पण कडेला चिरा पडायला लागतात. उचलायला गेलं की भाकरी मधोमध तुटते. कशीबशी तव्यावर पडलीच तर फुगत नाही, पदर सुटत नाही. पिठाला वास नसतो, कीड नसते, रंगही बदललेला नसतो. आमच्या परभणीकडे बायका म्हणतात, पीठ विरी गेलं. माझी आजी मूठभर पीठ दाबून, मूठ उघडून बघायची आणि काठवट पुढे ओढायच्या आधीच सांगायची, हे आज थापायचं नाही, याची उकडपेंडी करा.

घरात हा प्रश्न कधी मोठा झाला नाही, कारण घरात आठवड्याचं दळण असायचं. पाकिटातून पीठ विकणाऱ्याला मात्र तो रोज भेटतो. पाकीट दुकानात पंधरा दिवस असतं, गिऱ्हाइकाच्या डब्यात आणखी पंधरा दिवस. मी एक वही ठेवली आहे. दळणाची तारीख, धान्य कुठलं, त्या दिवशी पाऊस होता की ऊन, आणि त्याच पिठाची भाकरी पहिल्यांदा कधी चिरली. मे महिन्यात विसाव्या-बाविसाव्या दिवशी चिरते, डिसेंबरात पस्तिशी ओलांडते. रब्बीची मालदांडी जास्त दिवस तग धरते, खरिपाची ज्वारी लवकर जाते. गिरणी तापलेली असताना दळलेलं पीठ सगळ्यांत आधी हरतं. नारायणगुड्याला संध्याकाळी रस्त्याच्या कडेला जोन्न रोट्टे, म्हणजे ज्वारीच्या भाकरी, थापणाऱ्या एका बाईंना मी एकदा याबद्दल विचारलं. त्यांनी मान हलवून ‘पात पिंडी’, म्हणजे जुनं पीठ, एवढंच म्हटलं आणि सांगितलं की त्या चार दिवसांपेक्षा जुनं पीठ घेतच नाहीत. आम्हा दोघींनाही हे होतं कधी ते माहीत आहे. का होतं, ते दोघींनाही माहीत नाही.

हे ‘का’ म्हणजे संशोधन. ते मला माझ्या खर्चाने करता येत नाही. मला प्रयोगशाळा विकत घ्यायची नाही आणि शास्त्रज्ञ पगारावर ठेवणंही परवडत नाही. मला हवे आहेत एका जाणत्या अध्यापकाचे काही तास, एका विद्यार्थ्याचे तीन-चार महिने आणि आधीच विकत घेऊन ठेवलेल्या एखाद्या यंत्रावरचा थोडा वेळ. हे सगळं जनतेच्या पैशातून उभं राहिलेलं आहे. माझ्या युनिटपासून हाकेच्या अंतरावर आहे.

एकदा मी प्रयत्न केला होता. ती संस्था तुमची नव्हती, राजेंद्रनगरची कदन्न संशोधन संस्थाही नव्हती, आणि तिचं नाव इथे घ्यायचं कारण नाही. पाकिटं आणि वही घेऊन मी गेले. त्यांनी नमुने ठेवून घेतले, शुल्क घेतलं आणि तीन आठवड्यांनी अहवाल दिला. ओलावा, राख, प्रथिनं, स्निग्धांश, तंतू, सगळं ‘मर्यादेत’. ताज्या पिठाचा आणि विरी गेलेल्या पिठाचा अहवाल शेजारी शेजारी ठेवला तर दोन्ही जवळजवळ सारखेच. माझा प्रश्न त्यांच्या छापील नमुन्यात कुठल्याच रकान्यात बसत नव्हता. म्हणून मग ‘प्रकल्प’ करायचं ठरलं. अठरा पानांचा प्रस्ताव, तीन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद, मुद्रांकावर हमीपत्र, माझ्या हिश्शाची आगाऊ रक्कम आणि निघणाऱ्या ज्ञानावर मालकी कुणाची याबद्दल एक करार. हा करार दोन्हीकडच्या कुणालाही नीट समजला नव्हता. नऊ महिने फाइल फिरली. शेवटी जी संशोधक मुलगी हे काम करणार होती, तिची पीएचडी पूर्ण झाली, ती पुढच्या कामाला परदेशी गेली आणि फाइल मिटली.

त्या मुलीबद्दल मात्र मला सांगायलाच हवं. एका रविवारी ती स्वतःहून आझमाबादला आली. बाह्या वर करून परातीपुढे बसली आणि माझ्या हातून पाण्याचं भांडं घेत तिने विचारलं, ‘पाणी उकळतं घ्यायचं की नुसतं गरम?’ ताज्या पिठात आणि जुन्या पिठात तिने तेच पाणी, तेवढंच, मोजून घातलं. जुन्या पिठाचा गोळा तिने बोटांनी हळूच ताणला, तो तुटला, आणि ती बराच वेळ त्या तुटलेल्या जागेकडे बघत राहिली. मग म्हणाली, गव्हासारखा चिकटा ज्वारीत नसतोच. इथे सगळं काम गरम पाण्याने फुललेल्या पिष्टाकडून होत असणार. म्हणजे बिघाड पिष्टात आहे, की दळल्यावर सुट्या झालेल्या तेलाने त्याच्यात काही ढवळाढवळ केली आहे? अकरा वर्षांत माझ्या प्रश्नाला मिळालेलं हे पहिलं शास्त्रीय वाक्य. ते अहवालात आलं नाही. परातीपुढे बसल्यावर आलं.

महोदय, तुमच्या विद्यापीठाला हे नवं वाटायला नको. १९१७ साली उस्मानियाचं फर्मान निघालं आणि त्याच वर्षी दारुल तर्जुमा सुरू झालं. शास्त्र, वैद्यक, कायदा, इतिहास उर्दूतून शिकवायचे तर आधी पुस्तकं हवीत आणि पुस्तकांआधी शब्द हवेत, हे त्या माणसांनी ओळखलं होतं. एकेका संज्ञेसाठी जाणकार बसत, भाषेचेही आणि विषयाचेही. भाषांतराचं कार्यालय आधी आणि वर्ग मागून, असं सुरू झालेलं विद्यापीठ देशात दुसरं मला माहीत नाही. त्या वेळी तर्जुमा इंग्रजीतून उर्दूत करायचा होता. आज तो गिरणीतून प्रयोगशाळेत आणि प्रयोगशाळेतून परत गिरणीत व्हायला हवा आहे. विरी हा शब्द तुमच्या रसायनशास्त्राच्या किंवा जीवरसायनाच्या विभागात नेऊन त्याला तिथलं नाव मिळवून देणारा दुभाषा आज कुठेच नेमलेला नाही.

आणि हैदराबादला याचा अनुभव नाही असंही नाही. तुमच्या शेजारी तार्नाक्याला १९४४ साली संस्थानाच्या सरकारने शास्त्रीय आणि औद्योगिक संशोधनाची मध्यवर्ती प्रयोगशाळा काढली. १९५६ मध्ये ती सीएसआयआरकडे जाऊन प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळा झाली, १९८९ पासून आपण तिला आयआयसीटी म्हणतो. बाळानगरला आयडीपीएलचा सरकारी कारखाना आला. सरकारी प्रयोगशाळेत आणि सरकारी कारखान्यात हात बसलेली माणसं बाहेर पडली, १९७० च्या पेटंट कायद्याने औषधं वेगळ्या प्रक्रियेने बनवायची वाट मोकळी केली, आणि बाळानगर-जीडीमेटल्याच्या शेडमधून औषधांचे लहान लहान कारखाने निघाले. डॉ. अंजी रेड्डी मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागात, म्हणजे यूडीसीटीत शिकले, पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतून पीएचडी घेऊन आयडीपीएलमध्ये आले आणि १९८४ मध्ये त्यांनी इथे स्वतःची कंपनी काढली. तिन्ही ठिकाणं जनतेच्या पैशावर चाललेली. यूडीसीटीचं नाव निघालंच म्हणून सांगते, माटुंग्याच्या त्या संस्थेत अध्यापकाने कारखान्यात जाऊन अडचण सोडवणं हा अध्यापकपणाचाच भाग मानला जाई. तिथले मोठमोठे प्राध्यापक फळ्यापुढे उभे राहत तसेच रिॲक्टरपुढेही उभे राहत.

तुमच्या आवारातलंच उदाहरण आहे. १९९३ साली वरप्रसाद रेड्डी नावाच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या अभियंत्याने शांता बायोटेक्निक्स काढली. हिपॅटायटिस-बीची लस परदेशातून यायची आणि सामान्य माणसाला परवडायची नाही, ती इथे करायची हा ध्यास. त्या कंपनीचं सुरुवातीचं काम उस्मानियाच्या प्रयोगशाळेत झालं, नंतर ते सीसीएमबी या सरकारी प्रयोगशाळेत गेलं. केंद्र सरकारच्या तंत्रज्ञान विकास मंडळाने हात दिला. १९९७ मध्ये लस बाजारात आली आणि आयात लशींचे भाव कोसळले. तुमच्या एका खोलीत कुणीतरी एका धडपडणाऱ्या उद्योजकाला जागा दिली होती, तिथून ही गोष्ट सुरू झाली. मी लस करत नाही, भाकरीचं पीठ करते. पण या शहरात रोज किती घरांत ज्वारीची भाकरी होते आणि मधुमेहाच्या धास्तीने ती किती घरांत नव्याने शिरते आहे, ते माझ्या ऑर्डरच्या वहीत मला दिसतं.

ज्वारीवर संशोधन होत नाही, असं मी म्हणणार नाही. पाटणचेरूच्या इक्रिसॅटने आणि परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने मिळून ‘परभणी शक्ती’ हा लोह आणि जस्त जास्त असलेला वाण तयार केला, २०१८ मध्ये तो प्रसारित झाला. माझ्या माहेरच्या गावाचं नाव त्याच्यावर आहे आणि त्याचा मला अभिमान आहे. राजेंद्रनगरच्या भारतीय कदन्न संशोधन संस्थेत न्यूट्रीहब आहे, तिथे नव्या उद्योजकांना यंत्रं बघता येतात, प्रक्रिया शिकता येतात. बियाण्यापर्यंतचं काम उत्तम झालं आहे आणि कुकी-शेवयांचंही होत आहे. मधलं पीठ, जे आपण शेकडो वर्षं खात आलो, ते मात्र सगळ्यांना सोपं वाटतं आणि म्हणून कुणाच्याच विषयपत्रिकेवर येत नाही.

आता पैशाबद्दल. आपला देश संशोधनावर सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.६४ टक्के खर्च करतो, २०२०-२१ चा आकडा. त्या खर्चात उच्च शिक्षण संस्थांचा वाटा जेमतेम ८.८ टक्के. म्हणजे तुमचीही ओंजळ लहान, हे मला कळतं. रिकाम्या जागा, जुनी यंत्रं, दुरुस्तीला नसलेले पैसे यांबद्दल वर्तमानपत्रात वाचते. पण वरच्या बाजूला नळ मोठा उघडला आहे. अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाचा कायदा २०२३ मध्ये झाला, पाच वर्षांत ५०,००० कोटींचं उद्दिष्ट. १ जुलै २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने १ लाख कोटी रुपयांची संशोधन, विकास आणि नवोन्मेष योजना मंजूर केली. ती बहुतांशी लांब मुदतीच्या, कमी किंवा शून्य व्याजाच्या कर्जाची आहे आणि प्रयोगशाळेतले पहिले टप्पे ओलांडलेल्या तंत्रज्ञानासाठी आहे. जैवतंत्रज्ञानात बिरॅक ही सरकारी संस्था आहे, तिथे नव्या कल्पनेला ५० लाखांपर्यंत अनुदान मिळतं. या योजना हव्यातच. पण माझ्याकडे नवी कल्पना नाही, पेटंट नाही, पहिला टप्पाही नाही. माझ्याकडे जुना प्रश्न आहे. त्याचं उत्तर कदाचित एखाद्या शोधनिबंधात आधीच पडून असेल, आणि ते माझ्या गिरणीला लावून बघायला दोन-तीन लाख पुरतील. एवढ्या लहान मापाचं भांडंच या देशात कुणी घडवलेलं नाही, असं मला वाटतं.

नेदरलँड्सने ते घडवून पाहिलं. २००४ मध्ये तिथल्या सरकारने लहान उद्योगांसाठी शंभर व्हाउचर काढले, प्रत्येकी ७,५०० युरोपर्यंतचे. उद्योजकाने आपला प्रश्न घेऊन सार्वजनिक संशोधन संस्थेकडे जायचं, काम करून घ्यायचं आणि व्हाउचर द्यायचं. संस्थेने ते सरकारकडून वटवायचं. अर्ज कितीतरी जास्त आले, म्हणून सोडत काढली. सोडत होती त्यामुळे ज्यांना मिळालं आणि ज्यांना मिळालं नाही त्यांची प्रामाणिक तुलना करता आली. निष्कर्ष असा निघाला की दहांतले आठ व्हाउचर अशा कामाला गेले, जे व्हाउचर नसतं तर संस्थेकडे गेलंच नसतं. एक असं, जे एरवीही गेलं असतं. एक वापरलंच गेलं नाही. माझ्या मते एवढ्या थोड्या पैशात एवढा स्पष्ट कौल क्वचितच मिळतो.

अमेरिकेतलंही एक मला पटलं. तिथे १९९२ मध्ये एक योजना आली, तिच्यात लघुउद्योग आणि संशोधन संस्था दोघांनी मिळूनच काम करायचं असतं. किमान ४० टक्के काम उद्योगाने, किमान ३० टक्के संस्थेने. अर्जदार मात्र लघुउद्योगच असतो, पैसा त्याच्या हाती येतो आणि ज्ञानावर कुणाचा किती हक्क हे दोघांत आधीच लिहून ठरलेलं असतं. आपल्याकडे जनतेच्या पैशातून निघालेल्या ज्ञानाच्या मालकीबद्दल २००८ मध्ये राज्यसभेत विधेयक आलं होतं, त्याचा कायदा झाला नाही. तेव्हापासून प्रत्येक संस्था आपापल्या कागदावर आपापली भीती लिहिते.

मालकीबद्दल माझं मत सरळ आहे, आणि ते माझ्या फायद्याचं नाही. माझ्या प्रश्नाचं उत्तर शोधायला जनतेचा पैसा लागला, तर ते उत्तर माझ्या एकटीचं नाही. मला सहा महिने किंवा वर्षभर आधी मिळावं, कारण वही माझी आणि वेळ माझा गेला. त्यानंतर ते तुमच्या संकेतस्थळावर तेलुगूत, उर्दूत, मराठीत, कन्नडमध्ये, साध्या भाषेत टाका. माझ्या गल्लीतल्या दुसऱ्या पीठवाल्यालाही वाचू दे आणि नारायणगुड्याच्या त्या बाईंनाही कुणीतरी वाचून दाखवू दे. लहान कामाला पेटंटचा फास नको. पेटंटची आशा ठेवली की करार अठरा पानांचा होतो.

या सगळ्यात दिल्लीची वाट न बघता तुम्हाला करता येईल असं पुष्कळ आहे, म्हणून पत्र दिल्लीला न लिहिता तुम्हाला लिहिते आहे. दोन पानांचा एकच करार ठरवून टाका, लहान कामांसाठी, सगळ्या विभागांना सारखा. कोणत्या यंत्रावर तासाला काय दर आहे, ते बाहेरच्या माणसाला दिसेल असं लावा. यंत्रं वाटून वापरण्यासाठी आय-स्टेमसारखं राष्ट्रीय संकेतस्थळ आहे, पण माझ्यासारख्याला त्यातल्या यंत्रांची नावंच कळत नाहीत. तिथे दुभाषा लागतोच. एम.एस्सी. आणि एम.टेक.च्या मुलांना दरवर्षी प्रकल्पाचे विषय शोधावे लागतात. आझमाबाद, नाचारम, चर्लापल्ली, जीडीमेटला इथे ते ढिगाने पडले आहेत. प्लास्टिकच्या साच्याला रेषा का पडते, रंग उन्हात का उडतो, लोणच्याच्या बाटलीचं झाकण का फुगतं. एका मुलाचे चार महिने एका शेडला मिळाले तर त्या मुलालाही उमगेल की प्रश्न पुस्तकाबाहेर कसा दिसतो.

आणि अध्यापक. माझ्या ओळखीच्या एका प्राध्यापकांनी मला मोकळेपणाने सांगितलं की तुमच्या पिठावर मी सहा महिने घालवले तर बढतीच्या वेळी त्याचा एकही गुण मिळणार नाही, तेवढ्या वेळात एक शोधनिबंध होतो. त्यांना दोष देववत नाही. मुलाबाळांचा संसार आहे, नियम त्यांनी केलेले नाहीत. पण निबंध छापला की गुण आणि एका शेडचा प्रश्न सुटला की शून्य, हा हिशेब विद्यापीठाच्या अंतर्गत मूल्यमापनात तरी तुम्ही बदलू शकता असं मला वाटतं. सुटलेल्या प्रश्नाची नोंद, उद्योजकाची सही, वर्षभराने तो उपाय अजून चालतोय का याची एक ओळ, एवढं पुरावा म्हणून मागा. आम्ही देऊ.

आम्हीही काही देणं लागतो, ते लपवणार नाही. आमच्यातले बरेच जण प्रयोगशाळेत जातात ते फक्त प्रमाणपत्रासाठी, कागद हातात पडला की मागे वळून बघत नाहीत. मुलगा शेडवर आला की त्याला कामाला जुंपतात. प्रयोग फसला की पैसे बुडाले म्हणून ओरडतात. संशोधन फसू शकतं, हे आम्हाला शिकावं लागेल. माझ्यापुरतं सांगते. वही देईन, धान्य देईन, गिरणी हवी तेव्हा थांबवून देईन, माझा हिस्सा रोख देईन. उत्तर ‘यावर उपाय नाही’ असं आलं तरी ते पैसे मला जड होणार नाहीत, कारण मग मी पाकिटावर तीन महिन्यांऐवजी तीन आठवडे छापीन आणि डोकं शांत ठेवून धंदा करीन.

या पत्राबरोबर तुमच्या कार्यालयात दोन पाकिटं पोचवते आहे. धान्य एकच, मालदांडी, एकाच पोत्यातलं. एकावर दळणाची कालची तारीख आहे, दुसऱ्यावर चाळीस दिवसांपूर्वीची. विनंती एवढीच की अहवालाला पाठवण्याआधी आपल्या घरी, किंवा विद्यापीठाच्या एखाद्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात, दोन्हींची एकेक भाकरी थापून बघावी. पाणी उकळतं घ्यावं आणि दोन्हीकडे मोजून सारखंच. ज्या विभागप्रमुखांना आपण बोलावाल त्यांनी त्या वेळी परातीजवळ बसावं, आणि जुनी भाकरी उचलताना कुठून तुटते ते स्वतः बघावं.

आपली नम्र,
आझमाबादमधील एक लघुउद्योजिका
हिमायतनगर, हैदराबाद